आठल्ये विरुद्ध कारखानीस

“आठल्ये काय म्हणतोय?” कुलथेसाहेबांनी दारातच छत्री झटकत विचारलं.

“दुपारपर्यंत चढेल म्हणतोय,” उज्ज्वला पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “पण पुलाला पाणी लागणार नाही. संध्याकाळी उतरेल.”

“मग काही काळजी नाही,” म्हणत साहेब आपल्या खोलीत गेले आणि तिथूनच त्यांनी चहासाठी आरोळी ठोकली.

मी समोरच्याच टेबलाशी बसलो होतो. माझ्याही संगणकावर तीच कुसवंती नदी होती आणि तोच पाऊस होता. माझं मॉडेल म्हणत होतं, पुलाला पाणी लागणार. मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दुपारी नदी चढली, पुलाखाली हातभर अंतर ठेवून थांबली आणि दिवेलागणीच्या आत उतरली. आठल्ये बरोबर ठरला.

हा श्रीनिवास आठल्ये जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आणि जी बाई रोज सकाळी तो काय म्हणतोय ते साऱ्या कार्यालयाला सांगायची, ती पूर्वी त्याची बायको होती आणि गेली चार वर्षं माझी होती.

आमचं कार्यालय नाशिकला होतं. काम थोडक्यात सांगायचं, तर वरून पाऊस घातला की खालून नदी निघाली पाहिजे, असा गणितांचा लांबलचक कारभार संगणकात उभा करायचा. त्याला मॉडेल म्हणतात. डोंगरात किती पाऊस पडला ते कळलं, की खाली कोळप्याच्या पुलाशी पाणी केव्हा आणि किती येणार, हे मॉडेलनं पाणी पोचायच्या आधी सांगायचं. कोळप्याची अर्धी बाजारपेठ नदीकाठावर आहे. तिथले दुकानदार पावसाळ्यात देवाला हात जोडायच्या आधी आमच्या फोनची वाट बघत.

आठल्येच्या मॉडेलला त्याच्या हयातीतच सगळे ‘आठल्ये’ म्हणू लागले होते. तो हृदयविकारानं गेला, मॉडेल राहिलं आणि नावही राहिलं. परिणाम असा झाला, की मेलेला माणूस आमच्याकडे वर्तमानकाळात वावरायचा. आठल्ये आज जरा जास्त सांगतोय. आठल्येला सकाळचा पाऊस दिलात का? आठल्येला विचारल्याशिवाय कोळप्याला फोन करू नका. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण मला ठाऊक होती. पण ही म्हैस मेल्यावरही रोज सकाळी दूध देत होती, आणि ते काढत होती माझी बायको.

मराठीत सवतीला पुल्लिंगी शब्द नाही. असता, तर त्या वर्षांत मी तो मनातल्या मनात पुष्कळ वापरला असता. जिवंत माणसाशी भांडता येतं, निदान त्याचं पोट सुटलेलं बघून समाधान मानता येतं. आठल्ये कायमचा अडतीस वर्षांचा आणि कायमचा बरोबर. पावसाळ्यात उज्ज्वला रविवारीसुद्धा चहा अर्धा टाकून उठायची. “आठल्येला पाऊस घालून येते,” म्हणायची. लोकांच्या बायका सोमवारी महादेवाला पाणी घालतात. माझी रोज आठल्येला पाऊस घालायची. मी जळायचो. याला सभ्य शब्द मी पुष्कळ शोधला, पण सापडला नाही.

माझंही मॉडेल काही असंतसं नव्हतं. मी ते लग्नाच्या आधीपासून बांधत होतो आणि त्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. पण त्याला कुणी ‘कारखानीस’ म्हणत नव्हतं. त्याला ‘ते दुसरं’ म्हणत.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं.

“हे बघा, वरून विचारणा झाली आहे. एका नदीला दोन मॉडेलं कशाला, म्हणतात. कोळप्याच्या पूरकक्षात एकच बसवायचं. कुठलं, ते आपण कळवायचंय.”

“परीक्षा घ्या,” मी म्हणालो.

“कुणाची?”

“दोघांची. आठल्येची आणि माझी.”

साहेबांनी आधी उज्ज्वलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मॉडेलांची म्हणायचंय ना तुम्हाला?”

“मॉडेलांचीच.”

मला नदीचं एवढं पडलेलं नव्हतं. कोळप्याच्या पूरकक्षात कुणाचं मॉडेल बसतं, याच्याशीही माझं फारसं देणंघेणं नव्हतं. आठल्ये एकदा हरला की तो कायमचा मरेल आणि मग माझी बायको सगळीच्या सगळी माझ्या घरी येईल, एवढा माझा हिशोब साधा होता.

साहेबांनी परीक्षा नीट घेतली, हे मान्य केलं पाहिजे. पुलापाशी मोजलेल्या पाण्याची काही वर्षं त्यांनी आमच्या हवाली केली. त्यावर आपापलं मॉडेल हवं तेवढं घासूनपुसून घ्या, म्हणाले. आणखी दोन वर्षं मात्र त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवली. त्या दोन वर्षांचा पाऊस आम्हाला दिला. नदी दिली नाही. “नदी तुम्ही सांगायची, मी ताडून बघणार. पाठ केलेल्या प्रश्नांवर मार्क कुणालाही पडतात.”

मार्क देण्याची आमची एक रीत आहे. मोजलेली नदी आणि मॉडेलनं सांगितलेली नदी, दोघींच्या रेघा एकमेकींवर ठेवायच्या. तंतोतंत जुळल्या तर एक. शून्य म्हणजे मॉडेल न चालवता तुम्ही रोज उठून नदीची सरासरी सांगत बसला असतात, तरी तेवढंच साधलं असतं. आणि शून्याच्या खाली म्हणजे तुम्ही गप्प बसला असतात, तर लोकांवर उपकार झाले असते.

दिलेल्या वर्षांवर मी आठल्येला मागे टाकलं. पेढे तेवढे वाटायचे राहिले. कपाटातल्या पहिल्या वर्षावर आम्ही जवळजवळ बरोबरीत आलो. दुसरं वर्ष दुष्काळानंतरचं होतं, आणि त्या वर्षाच्या जूनमध्ये माझं मॉडेल पिसाळलं. पाऊस पडला रे पडला, की त्यानं पूर आणला. खरी नदी ठणठणीत कोरडी पडून होती आणि माझी पुलावरून वाहत होती. मी शून्याच्या खाली गेलो. आठल्येची रेघ मात्र नदीच्या रेघेला धरून चालली होती, जुन्या नवराबायकोनं फिरायला निघावं तशी.

“बघा!” साहेब कौतुकानं म्हणाले. “काय माणूस होता!”

उज्ज्वला खिडकीबाहेर बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसलं नाही. पण मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं.

“साहेब, उत्तर बरोबर आलं म्हणजे रीत बरोबर असते असं नाही,” मी म्हणालो. “मला सोमवारपर्यंत वेळ द्या. आठल्येच्या पोटात काय आहे ते मला बघायचंय.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. “बघा बाबा. पण जरा जपून बोलत जा हो.”

चार वर्षांत मी आठल्येचा प्रोग्राम उघडून पाहिला नव्हता. उज्ज्वलानं दाखवला नव्हता आणि मी मागितला नव्हता. आता साहेबांच्या हुकमानं तो माझ्या संगणकावर आला. तो देताना ती एवढंच म्हणाली, “नीट वाच.”

सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांत होता, पण नावं मराठी. ओल, पाझर, वावर. आठल्ये देवरुखचा होता, आणि कोकणातल्या माणसानं असं मराठीत नटणं मला त्याच्या इतर गुणांइतकंच डोक्यात गेलं. पावसाचे आकडे ज्या दारानं आत शिरत, त्या दाराला त्यानं नाव दिलं होतं अभय. ए, बी, एच, ए, वाय. सगळं अभयपासून सुरू होत होतं. ओल अभयकडून, पाझर अभयकडून, नदी अभयकडून.

“हा अभय कोण हो?” मी साहेबांना विचारलं.

“कुणास ठाऊक. आम्हीही एकदा विचारलं होतं आठल्येंना, नुसते हसले.” साहेबांचा आवाज खाली आला. “मूलबाळ नव्हतं ना त्यांना. झालं तर अभय नाव ठेवायचं, असं काहीसं असेल बिचाऱ्यांचं.”

साहेब सहज बोलून गेले, पण ते माझ्या काळजात रुतलं. मूल आम्हालाही नव्हतं. पण आम्ही दोघांनी बसून कधी नावं काढली नव्हती. त्या दोघांनी काढली होती, एक निवडलं होतं आणि नदीच्या उगमाशी नेऊन ठेवलं होतं. रोज सकाळी माझी बायको चहा टाकून जात होती ती त्या पोराला पाऊस घालायला. घरी मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं आणि ती हो म्हणाली असती, तर मग पुढे काय बोलायचं, ते मला सुचत नव्हतं.

त्या रागात मी प्रोग्राम ओळीओळीनं पिंजला, आणि शुक्रवारी मला ‘मुरवण’ सापडलं.

पाणी जमिनीत मुरतं. त्याला कुणी मुरवण म्हटलं तर म्हणू दे. पण आठल्येच्या प्रोग्राममध्ये हे मुरवण वर्षातून एकदाच यायचं, पावसाळ्याच्या तोंडावर, आणि तेही चमचाभर. आदल्या वर्षाच्या अखेरीचा कुठलातरी उरलासुरला आकडा उचलायचा, तो बाजूला ठेवायचा आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला टाकायचा. पाणी काय वर्षातून एकदा मुरतं? मी तेवढं एक नाव खोडून मॉडेल चालवलं. दुष्काळानंतरच्या वर्षात आठल्येही माझ्यासारखाच पिसाळला.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. सापडला! उत्तर जुळावं म्हणून चमचाभर काहीतरी मिसळायचं आणि त्याला भारदस्त नाव द्यायचं. शेजारच्याचं बघून पास झालेला मुलगा होता हा, आणि इतकी वर्षं सगळे त्याची पाठ थोपटत होते. सोमवारी साहेबांसमोर हे मांडायचं, उज्ज्वलाच्या देखत मांडायचं, असं मी ठरवलं.

त्या संध्याकाळी जेवताना मी सहज विचारल्यासारखं केलं. “मुरवण म्हणजे मुरणारं पाणीच ना?”

उज्ज्वलाचा घास हातातच राहिला. “तुला काय वाटलं?”

“तेच. दुसरं काय असणार?”

ती हसली. मोठ्यानं नाही, स्वतःशीच. मग काहीतरी बोलायला म्हणून तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि भात कालवायला लागली. “असू दे मग,” म्हणाली.

ते हसू मला कुसळासारखं टोचत राहिलं. त्यांच्या दोघांमधला कुठलातरी जुना विनोद असणार, ज्यात मला जागा नव्हती.

“सोमवारी काय मांडणार आहेस?” तिनं विचारलं.

“सोमवारी कळेल.”

“बरं.”

शनिवारी तिची थोरली बहीण आली, अचलपूरहून. ताई आल्या की आमचं घर एकदम भरल्यासारखं व्हायचं, कारण त्या हळू बोलूच शकत नसत. त्यांच्या तोंडची वऱ्हाडी ऐकताना मला दर वेळी नवल वाटायचं, की उज्ज्वलाच्या बोलण्यात तिचा मागमूसही नाही. मी एकदा तसं म्हणालोही होतो. “इंजिनिअरिंगला पुण्यात पोरं हसायची,” ती म्हणाली होती. “पहिल्या वर्षातच घासून काढली.”

रविवारी दुपारी मी हॉलमध्ये कागद पसरून सोमवारची तयारी करत होतो. ताई गॅलरीत उभ्या होत्या. एकाएकी त्या ओरडल्या.

“उज्जू! अवं उज्जू! आभाय भरून आलं पाय! कपडे काढ ना माय गच्चीवरचे!”

उज्ज्वला धावत जिना चढून गेली. माझा पेन कागदावर होता तिथेच राहिला.

“काय भरून आलं म्हणालात, ताई?”

“आभाय, जवाईबुवा. थे पाहा ना, कसं कायंभोर झालं.”

कायंभोर. तिकडे काळ्याचं काया होतं, डोळ्याचं डोया होतं आणि आभाळाचं आभाय होतं. ए, बी, एच, ए, वाय. अभय नावाचं कुणी पोर नव्हतंच. ते आभाळ होतं. पाऊस आभाळातून येत होता, जसा यावा तसा.

मला हायसं वाटलं, पण ते क्षणभरच. लगेच दुसरी कळ उठली. म्हणजे ती त्याच्याशी तिच्या बोलीत बोलत होती! त्यानं तिच्या तोंडचा शब्द उचलला होता, लाडानं आपल्या कामात घातला होता. माझ्याशी ती चार वर्षं पुस्तकासारखं शुद्ध बोलत होती, वृत्तनिवेदिकेसारखी. आभाय तर सोडाच, एक ‘माय’ कधी माझ्या वाट्याला आला नव्हता.

“ताई,” मी विचारलं, “तुमच्याकडे मुरवण कशाला म्हणतात?”

“मुरवण?” ताई हसायला लागल्या. “इतकी वर्षं झाली लग्नाले अन् मुरवण नाई माहीत? थे दुधाले लावते नाई का रात्री, मंग सकायी दही होते. तुमच्याकडं विरजन म्हनते थे.”

मी समोरचा कागद जवळ ओढला.

विरजण. दह्याला काल उरलेल्या दह्याचा चमचा लागतो. तसा यंदाच्या नदीला गेल्या वर्षीचा जमिनीत उरलेला ओलावा लागतो. तो असला तर थोड्या पावसातही नदी धरते. दुष्काळात तो पार आटून गेला असेल, तर वरून किती का ओता, जमीन आधी स्वतःची तहान भागवते आणि नदी कोरडी राहते. माझं मॉडेल दर जूनला एकाच ठरावीक ओलीवर सुरू व्हायचं, मग मागचं वर्ष कसंही गेलेलं असो. चूक त्या मुरवणात नव्हतीच. माझ्याकडे मुरवण नव्हतं.

आणि देवरुखचा माणूस बायकोचा एखादा शब्द लाडानं उचलेल. पण नदी बघितल्यावर ज्याच्या मनात आधी मुरवण येतं, तो माणूस देवरुखचा नव्हे. शब्द मागाहून चिकटवलेला नव्हता. ती अख्खी कल्पनाच त्या शब्दातून उगवलेली होती.

ताई दुपारच्या आडव्या झाल्या. उज्ज्वला स्वयंपाकघरातल्या टेबलावर गच्चीवरून आणलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

“आभाय,” मी म्हणालो.

तिचे हात थांबले.

“आठल्येनं लिहिलेलं नाही ते.”

“नाही.”

“तू लिहिलंस.”

“हो.”

“सगळं?”

“सगळं.” तिनं शर्टाची घडी पुरी केली. “बस ना. उभा का आहेस?”

मी बसलो नाही. “आणि त्याचं नाव लावू दिलंस?”

“आठल्ये मॉडेल म्हणतात सगळे,” ती म्हणाली. “आठल्ये मीपण होतेच की तेव्हा.”

ती नजर खाली ठेवून सांगत गेली.

“त्याचं मॉडेल जुळत नव्हतं. त्याच्यामागे लागून लागून तो अर्धा झाला होता. जेवायचा नाही, झोपायचा नाही. काय चुकतंय ते मला दिसत होतं. मग मी माझं वेगळं लिहिलं, एक पावसाळाभर बसून, आणि त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, घे, हे चालतंय.”

“त्यानं घेतलं?”

“घेतलं. साहेबांना दाखवलं. साहेबांनी पाठ थोपटली, तेव्हा मी तिथेच उभी होते. माझ्याकडे न बघता उभा होता तो.”

“आणि तो गेल्यावरही तू रोज त्याला...”

“त्याला नाही रे,” ती मध्येच म्हणाली. “मी काय समाधीवर दिवा लावायला जात होते? माझं काम आहे ते. मीच बघणार.”

खरं म्हणजे माझ्या मानगुटीवरून आठल्ये त्या क्षणी उतरायला हवा होता. तो उलट घट्ट बसला. या माणसाला बायकोनं काय दिलं होतं? एखादा शब्द नाही, लाड नाही, अख्खी नदी काढून दिली होती, वर नावही मागितलं नव्हतं. एवढं कुणी कुणाला देत नाही. मला तर नाहीच.

“माझं मॉडेल जूनमध्ये का पिसाळतं, तुला माहीत होतं ना?”

तिनं आणखी एका शर्टाची घडी घातली.

“माहीत होतं ना?”

“पहिल्या वर्षापासून.”

“चार वर्षं समोरासमोर बसतोय आपण!” माझा आवाज चढला. “साहेबांसमोर माझी शोभा झाली तेव्हाही तू खिडकीबाहेर बघत होतीस. त्याला सगळं देऊन टाकलंस आणि मला चमचाभर नाही? तो असा कोण लागून गेला होता?”

“हळू. ताई झोपल्यात.”

“उठू देत!”

“त्याला दिलं, म्हणूनच तुला नाही दिलं,” ती म्हणाली.

तिनं पुढचा कपडा उचलला आणि नुसताच हातात धरला.

“आधी आभाळ भरून आलं की तो मला हाक मारायचा. ये, बघ, सांग किती पडेल. आम्ही पैजा लावायचो. मी त्याला ते दिलं आणि त्या दिवसापासून त्यानं हाक मारली नाही. रागावला नाही कधी, वाईट वागला नाही. फक्त एकटाच खिडकीत उभा राहायचा, आणि मी गेले की बाजूला व्हायचा. तो जाईपर्यंत आमच्या घरात पावसाचा विषय निघाला नाही. दोघंही पाण्यात काम करणारे, आणि पावसाबद्दल बोलायची चोरी.” तिनं हातातला टॉवेल उलटासुलटा केला. “परवा तू मुरवण विचारलंस, तेव्हा अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, हापण गप्प झाला तर? तू निदान भांडतोस माझ्याशी. तोंड वाकडं करतोस, टोमणे मारतोस. तेवढं तरी राहू दे, म्हटलं.”

इतकी वर्षं मी ज्या माणसाचा हेवा करत होतो, त्याच्या घरात काय होतं ते मला आत्ता कळत होतं. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

“सोमवारी काय सांगणार आहेस?” तिनं विचारलं.

“आठल्ये जिंकला, असं.”

“तेवढंच सांग.”

“कुणाचं आहे ते नको सांगू?”

“गेलेल्या माणसाकडून काय परत मागायचं? आणि मागायचंच झालं, तर मी मागेन. तुझ्या तोंडून नको.”

सोमवारी मी तेवढंच सांगितलं. साहेबांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं, ते मी मान खाली घालून ऐकून घेतलं. कोळप्याच्या पूरकक्षात आठल्ये बसला. पुढे काही वर्षांनी उज्ज्वलानं आपलं ते मागून घेतलं, पण ती गोष्ट तिची आहे आणि तिनंच सांगावी.

त्या रविवारी मात्र आम्ही कपड्यांच्या ढिगाच्या दोन बाजूंना बसून होतो. तिनं हातातला टॉवेल घडी करून ठेवला. मग आणखी एक.

“मुरवण झालं,” मी म्हणालो. “आणखी काय चुकतं माझं?”

“म्हणजे?”

“मॉडेलचं. आणखी असेल ना काहीतरी?”

“आहे.”

“किती?”

तिनं बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. “पुष्कळ.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते तिच्यापासून लपलं नाही.

“बघ, आत्ताच चेहरा कसा झाला तुझा,” ती म्हणाली. “कशाला उगीच? जळशील तू.”

“जळेन,” मी म्हणालो. “रोज जळेन. पण बोलेन तुझ्याशी. आरडाओरडा करेन, भांडेन, गप्प नाही बसणार. सांग तू.”

मग तिनं कपड्यांचा ढीग एका हातानं बाजूला लोटला, दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी तिच्या गावच्या बोलीत बोलली.

“आयक मंग,” ती म्हणाली. “पयले त तुयं पानी लय घाई करते.”